गोलातल्या दोन रेघा

ट्रक मागे घेतानाची पींपीं ऐकली की अजून माझ्या तळहातांना घाम सुटतो.

मार्केट यार्डाजवळच्या बालवाडीत मी शिकवते. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत, पण क ते ज्ञ मी सगळ्यांकडून सारख्याच कडकपणे घोटून घ्यायचे. त्याचा मला भलताच अभिमान होता. एका पाच वर्षांच्या मुलीच्या घरी कन्नड बोलत. आई यार्डात कांदे निवडायची. एकदा त्या मुलीने पाटीवर 'क'ऐवजी गोल काढला, त्यात दोन उभ्या रेघा. "हे अक्षर नाही," म्हणत मी तो ओल्या फडक्याने पुसून टाकला.

त्याच दुपारी शाळा सुटताना मी मुलांच्या वाचनाचा व्हिडिओ शाळेच्या अॅपवर टाकत बसले होते. तो काही केल्या जाईना. मान वर केली तेव्हा ती मुलगी वर्गात नव्हती.

आईचा फोन बंद. तशीच यार्डात धावले. मागे सरकणारे ट्रक, हातगाड्या, पोत्यांच्या थप्प्या. प्रत्येक चाकाखाली वाकून बघताना जीव जात होता. एका म्हाताऱ्या हमालापुढे हात जोडले.

"गाळा कंचा, बाई?" त्याने विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. वर्षभर त्या पोरीला शिकवत होते, पण हे कधी विचारलंच नव्हतं. मला रडू फुटलं.

"कायतरी खूण सांगा की."

तेव्हा पाटी आठवली. पेनने तळहातावर गोल काढला, आत दोन रेघा ओढल्या. रेघा वाकड्या आल्या.

"ह्यो पोत्यावरचा मार्का हाय," तो लगेच म्हणाला. "मागच्या रांगेत, शेवटचा गाळा. चला."

तिथल्या प्रत्येक पोत्यावर तोच हिरवा गोल होता. तो शोधत ती एवढ्या गर्दीतून एकटी आली होती. आई पाठमोरी बसून कांदे निवडत होती आणि ती एका पोत्यावर बसून पाय हलवत होती. तिला पोटाशी धरावं म्हणून मी पुढे झाले.

मला पाहताच तिचा चेहरा पडला. घाईघाईने खाली उतरून ती दोन्ही हातांनी पोत्यावरचा मार्का पुसायला लागली.