म्हसोबाला वाहिलेला स्टड

माझ्या थोरल्या भावाचा एक हेका होता: देवाला उणं द्यायचं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी त्यानं एक जुनी मोटार घेतली आणि भोर ते वेल्हे माणसं न्यायला लागला. विकणाऱ्यानं इंजिनाचा एक कोरा स्टड सोबत दिला होता. स्टड म्हणजे इंजिनाचं डोकं घट्ट आवळून धरणारा, दोन्ही टोकांना आटे असलेला लोखंडी दांडा. इंजिनातला एक झिजला होताच. शहाण्यानं नवा बसवला असता. आमच्या भावानं नव्याला शेंदूर लावला, गावाबाहेरच्या म्हसोबापुढं तारेनं बांधला आणि झिजका इंजिनात तसाच ठेवला.

मी बोललो, तर माझ्यावरच उखडला, "देवाला काय झिजकं देऊ व्हय रं?"

तेव्हा असले स्टड पुण्यात पैशाला पासरी मिळायचे, म्हणून मीही वाद वाढवला नाही. मग लढाई लागली आणि साधा नट मिळायचीही पंचाईत झाली.

एका अमावास्येला सकाळी मार्गासनीहून एक मेंढक्या निरोप घेऊन आला. वहिनीच्या वडिलांचं काही खरं नव्हतं. लेकीला बघायचंय, एवढंच ते म्हणत होते. "मोटारीनं आत्ता आलोच म्हनावं," असं सांगून भावानं त्याला लावून दिलं आणि मोटार चालू करायला गेला. दोन धक्के बसले, खाड्कन आवाज झाला आणि इंजिनाच्या सांध्यातून वाफ फुसफुसायला लागली. झिजका स्टड तुटला होता.

वहिनीला सातवा महिना, चालत जाणं शक्य नव्हतं. अमावास्येला आमच्याकडं बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. ज्याच्याकडं गाडी मागावी तो हळहळायचा आणि मान हलवायचा. भोरात आणखी एक मोटार होती, पण तिला पेट्रोलचा परवाना नव्हता, म्हणून ती चाकं काढून ठोकळ्यांवर चढवलेली. मालकानं भल्या मनानं तिचा स्टड काढून दिला. आटेच जुळेनात. लोहार म्हणाला, "दांडा घडवून दीन, पर आटे कशानं पाडू?" फिरून फिरून दुपार कलली.

शेवटी मीच तोंड उघडलं. म्हटलं, म्हसोबाचा आणू. भावानं पक्कड उचलली, तोच वहिनी दारात आडवी आली.

"त्यो आनला तर म्या मोटारीत पाय ठिवायची न्हाई."

"वहिनी, देवाला काय इंजिन चालवायचंय?"

"भावजी, पोटात लेकरू हाय. देवाचं हिसकून घिऊन मरनाच्या दारात कशी जाऊ?" बोलता बोलता तिला रडू फुटलं, पण ती दारातून हलली नाही. भावानं पक्कड खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजु होताच बैलगाडी निघाली. मार्गासनीत पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. वहिनीचा भाऊ तिला म्हणाला, "पहाटं गेले. कालपास्नं रस्त्याकडं कान लावून हुते. जरा काय वाजलं की म्हनायचे, मोटार आली का बगा." वहिनीनं बापाचे पाय धरले आणि ती कितीतरी वेळ सोडेनाच. आजही मला त्या म्हसोबाचा राग येतो. वहिनीचा कधी आला नाही, आणि भावाचा तरी किती करणार? त्यानं देवाला चांगलंच दिलं होतं.

बाळाला सव्वा महिना झाल्यावर आम्ही म्हसोबाच्या पाया पडायला गेलो. तार तिथंच लोंबत होती. स्टड नव्हता. कुणीतरी अडलेला मोटारवाला घेऊन गेला असणार. भाऊ संतापला, चोराच्या नावानं बोटं मोडायला लागला.

वहिनी त्या रिकाम्या तारेकडं बघत राहिली. मग बाळाचं डोकं देवापुढं टेकवून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. नेनाऱ्याला तरी त्याचं मानूस भेटलं असंल."