काकूंचा पिठल्याचा डबा

पिठल्याला लसणाची फोडणी बसली की मला कर्वेनगरच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. मालिकांमुळे घरोघरी ओळखीची झालेली माझी ताई मुंबईत अचानक गेली होती. तिला अग्नी देऊन आम्ही आदल्याच दिवशी परतलो होतो. घरात चूल पेटवायची नव्हती, म्हणून शेजारच्या काकू पिठलं-भाताचा डबा घेऊन आल्या. त्या वाढत असतानाच टीव्हीवर त्याच दिसू लागल्या. सोसायटीच्या फाटकापाशी उभ्या राहून त्या सांगत होत्या, "अलीकडे ती खचलेली वाटायची. घरातच काहीतरी बिनसलं असणार."

काकूंचा हात थांबला.

"वाढा हो, वाढा," आई म्हणाली. "साडी शोभतेय टीव्हीवर." मग माझ्याकडे न बघता, "बंद कर रे ते."

मी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. ताईला काय झालं होतं, ते मलाही ऐकायचं होतं.

काकूंचा डबा आईनं घासून परत दिला. पुढे त्यांच्याशी ती बोलतही राहिली. माझ्यासमोर मात्र तिनं ताईचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.