उलट्या महिन्यांचा परवचा

रेजिना शहरातल्या आमच्या घराचं बेसमेंट भाड्याने द्यायचं ठरलं, तेव्हा बायकोला एखादी शांत विद्यार्थिनी हवी होती. मी आणला सव्वाशे किलोंचा फुटबॉलपटू. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांना धडका द्यायचा. हा अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेला, तिकडच्या मोठ्या लीगने दोनदा परत पाठवलेला. चेंडू घेऊन पळत येणाऱ्याला आडवं करणं, एवढंच त्याचं काम. पहिल्याच आठवड्यात जिना उतरताना त्याने कपाळाने आमचा दिवा फोडला आणि दिव्यालाच सॉरी म्हणाला. बायकोला तो मॅम म्हणायचा, मला प्रोफेसर, आणि साबुदाण्याची खिचडी थेट पातेल्यातून खायचा. मी हवेतच होतो. ऑफिसात त्याचे किस्से रंगवून सांगायचो, आणि दर सोमवारी त्याचं वजन पाच किलोंनी वाढवायचो.

एका संध्याकाळी तो वर आला आणि मान खाली घालून डायनिंग टेबलाशी बसला. डोक्याला मार लागला की मैदानाच्या कडेला ट्रेनर परीक्षा घेतो, असं त्याने सांगितलं. आधी पाच शब्द ऐकवायचे, मग वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावायचे, मग तेच पाच शब्द पुन्हा विचारायचे. चुकलं की बाकावर. शब्दांच्या याद्या तीनच होत्या आणि जुन्या खेळाडूंनी त्या कागदावर उतरवूनही ठेवल्या होत्या. पण डोकं ठणठणीत असतानाही ह्याची गाडी ऑगस्टपाशी अडकायची. आणि बाकावर बसलेल्याच्या जागी दुसरा माणूस दोन दिवसांत विमानाने हजर होतो. तिसऱ्यांदा परत गेलो तर पुढे कुणी बोलावणार नाही, असं तो म्हणाला.

आता ही विद्या आमच्या घरातली. नागपूरला दिवेलागणीला रोज परवचा म्हणून मी मोठा झालो. तापात फणफणलेलो असतानासुद्धा मी एकोणतीसचा पाढा घडाघडा म्हटला होता, असं आई सगळ्यांना सांगायची. मी बाह्या सरसावल्या.

"डोकं वापरायचंच नाही," मी त्याला सांगितलं. "जिभेला पाठ झालं पाहिजे."

मग रोज जेवणाआधी आमची शाळा. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, पाढ्यांच्या चालीत, टेबलावर ताल धरून. मागोमाग तिन्ही याद्या: लिंबू, खिडकी, घोडा, सूप, टोपी. बायको पोळ्या लाटता लाटता हसायची. महिन्याभरात तो दात घासतानाही महिने म्हणू लागला. बेसमेंटमधून तो सूर आला की माझा ऊर भरून यायचा.

सप्टेंबरात त्याच्या डोक्याला पहिला मार बसला. आम्ही स्टँडमध्येच होतो. तो उठला तो थेट समोरच्या संघाच्या बाकाकडे चालायला लागला. लोक हसले, मीही हसलो. ट्रेनरने त्याला कडेला बसवलं. लांबून मला त्याचे ओठ हलताना दिसत होते, आणि इकडे मी त्याच्याबरोबर म्हणत होतो. तो जानेवारीला पोहोचला, ट्रेनरने त्याची पाठ थोपटली, आणि तो परत आत धावला. मी खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवल्या. बायकोने कोट धरून मला खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्याने मला विचारलं, वॉशरूम कुठे आहे. चार महिने तो त्या घरात राहत होता.

बायको म्हणाली, "त्या ट्रेनरला सांग. आत्ता."

मी फोन उचलला. त्याने माझा हात धरला, अगदी अलगद. "प्लीज, प्रोफेसर. पास झालोय मी."

मी फोन खाली ठेवला. त्यानंतर सीझन संपेपर्यंत तो आणखी तीनदा पास झाला.

पुढे आम्ही रेजिना सोडून लांब रिचमंड हिलला राहायला आलो. त्याने रेजिनातल्याच नर्सशी लग्न केलं, आणखी काही वर्षं खेळला, आणि मी पार्ट्यांमधून त्याची गोष्ट सांगत राहिलो, दात घासण्यापर्यंतच. बऱ्याच वर्षांनी कामासाठी रेजिनाला गेलो, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. तो सोफ्यावर होता. त्याने हसून माझा हात हातात घेतला. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं.

बायको त्याची थकलेली. म्हणाली, गॅस चालू ठेवून बाहेर जातो, माझं नाव विसरतो. पण क्लिनिकमध्ये नेलं की महिने उलटे असे धडाधड म्हणतो की डॉक्टर मलाच धीर देऊन घरी पाठवतात. "हे त्याला एवढं कसं जमतं?"

गोष्टी रचणाऱ्या माणसाला तिथे दहा उत्तरं सुचली असती. मी तिला खरं तेच सांगितलं, टेबल, ताल, याद्या, खाली ठेवलेला फोन, सगळं. ती ओरडली नाही. ड्रॉवरमधून कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "लिहा. डॉक्टरला दाखवते."

मी लिहायला लागलो. पहिली यादी एका दमात उतरली. मलाही ती अजून पाठ होती. हाताने आपोआप टेबलावर ताल धरला असावा, कारण मागून सोफ्यावरून सूर आला, डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, कुठेही न अडखळता. तिने माझ्या बोटांवर हात ठेवला आणि ती थांबवली. तो मात्र जानेवारीपर्यंत गेला आणि पुन्हा डिसेंबरपासून सुरू झाला.