नाते : मुलगी

आमच्या घरातला एक माणूस दर सोमवारी देश सोडून जाई आणि दर शुक्रवारी परत येई. तोक्योजवळच्या आमच्या उरायासुहून सकाळची बस हानेदा विमानतळाला, तिथून विमान सोलला. नवऱ्याच्या कंपनीचं ऑफिस तोक्योत होतं आणि ज्यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहायचं ते लोक कोरियात. त्याच्या पासपोर्टवर आठवड्याला चार शिक्के पडत. पुनःप्रवेशाचा परवाना नसताना बाहेर पडलं तर त्या वेळी जपानचा व्हिसा तिथल्या तिथे संपत असे, म्हणून परवान्याच्या पानाला त्याने कागदाची खूण घालून ठेवली होती.

"सोलच्या काउंटरवरची बाई आता विचारतसुद्धा नाही, कशाला आलात म्हणून," तो म्हणे. "तू मात्र दर शुक्रवारी विचारतेस."

माझ्या पासपोर्टवर जपानचा एकच शिक्का होता. मी त्याची बायको म्हणून इथे होते, आणि त्या नात्याचा व्हिसा दरवर्षी वाढवून घ्यावा लागे. इथे येण्याआधी मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होते. कागद वाचायची मला सवय होती. घरातली सगळी भाषांतरं मीच करत असे.

दुसऱ्या वर्षी शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसात खिडकीवरच्या अधिकाऱ्याने माझे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. पासपोर्टवर माझं माहेरचं नाव होतं. विवाहाच्या दाखल्यावर लग्नानंतरचं. आडनाव बदललेलं चालतं, ते त्याला माहीत होतं. पहिलं नावही वेगळं होतं.

"या दोन बायका आहेत," तो म्हणाला. आवाजात आरोप नव्हता.

मी समजावून सांगितलं. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो. सासरी तेच नाव चालतं. त्याने लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "त्या तांदळाचं नंतर काय करतात?"

मला आठवेना.

पहिल्या वर्षी हा प्रश्न कसा निघाला नाही, ते मला आजही माहीत नाही. तेव्हा नवऱ्याच्या जुन्या कंपनीतल्या माणसाने सगळे कागद भरले होते. या वेळी माझ्याकडे पंचवीस दिवस होते. तेवढ्यात दोन्ही नावांची बाई एकच आहे हे सिद्ध झालं नाही तर मला एकटीला पुण्याला परतावं लागणार होतं. नवऱ्याने एक सोमवार रजा घेतली. आम्ही दूतावासात जाऊन प्रतिज्ञापत्र केलं : वरील दोन्ही नावांची व्यक्ती एक आणि तीच आहे. मी दोनदा सही केली, एकेका नावाची एकेक. सासरच्या नावाची सही मी आयुष्यात पहिल्यांदाच करत होते. ती मला नीट जमली नाही.

सोबत त्या नावाचा भारतातला एखादा जुना सरकारी कागद जोडा, असं अधिकाऱ्याने सांगितलं होतं. मी सासूबाईंना फोन केला. त्या सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एकट्या राहत. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते.

"रेशनकार्ड आहे की," त्या म्हणाल्या. "तुझं नाव आहे त्यात. पण जपानला रेशनकार्ड कशाला लागतं गं? तांदूळ देणारेत का तुम्हाला?"

"देतील, आई. चिकट असतो इथला."

"मग नको. आमचा इंद्रायणी बरा."

त्या मला नेहमी सासरच्या नावाने हाक मारत. फोन उचलला की आधी ते नाव, मग थोडं थांबून, "जेवलीस का?" इतक्या मायेने ते नाव घेणारं दुसरं कुणी नव्हतं. नवराही मला माहेरच्याच नावाने हाक मारी.

रेशनकार्डाची प्रत कुरिअरने आली. कुटुंबप्रमुख म्हणून सासरे. खाली तीन नुसती नावं : सासूबाई, नवरा, मी. माझ्या नावापुढे वय बावीस, आणि नाते या रकान्यात 'मुलगी'. सासूबाई लग्नातही म्हणाल्या होत्या, मला सून नको, मुलगी आलीय. कारकुनाने तेच लिहिलं असेल, असं मी धरून चालले. मूळ मजकुरात फेरफार करायचा नाही, हा वर्तमानपत्रात शिकलेला पहिला धडा. मी जपानीत 'मुलगी' असंच लिहिलं. कार्ड दिल्याची तारीखही ताडून न पाहता उतरवली.

पुढच्या बुधवारी अधिकाऱ्याने त्या तारखेवर पेन्सिल टेकवली.

"हे कार्ड तुमच्या लग्नाच्या तीन वर्षं आधीचं आहे. तेव्हा तुम्ही या घराची मुलगी होता?" मग पेन्सिल वरच्या ओळीवर गेली. "आणि हा मुलगा. म्हणजे तुमचे पती तुमचे भाऊ आहेत?"

त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ही नोंद असलेली मुलगी कोण, हे चौदा दिवसांत कागदाने सांगा, असं त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी ती प्रत पुन्हा वाचली. ज्या घरात मी तोवर पाऊलही ठेवलं नव्हतं, त्या घरात तीन वर्षं माझ्या नावावर साखर आणि गहू येत होते.

शुक्रवारी संध्याकाळी नवरा आला. त्याने बॅग ठेवायच्या आत मी कागद पुढे केला.

"ही कोण?"

त्याने बूट काढले. वेळ लावून काढले. "बहीण," तो म्हणाला. "चार वर्षांची असताना गेली. तापाने. मी सहा वर्षांचा होतो. मला तिचा चेहरा आठवत नाही."

"आणि तांदळात तू हे नाव लिहिलंस?"

"आईने सांगितलं. नाव छान आहे, म्हणाली."

"छान आहे?"

"अगं, मी काय बोलणार होतो तिला, त्या ताटापुढे बसून?"

कार्ड नवीन करून घेताना सासूबाईंनी प्रत्येक वेळी तिचं नाव घातलं होतं आणि कारकुनाने विचारल्यावर वय मोजून सांगितलं होतं. कार्डावर ती चारची चौदा झाली, चौदाची बावीस. मग मी घरात आले, आणि त्यांना नवीन नाव घालायची गरज पडली नाही.

आता मला हवा होता तिच्या मृत्यूचा दाखला. फोन नवऱ्यानेच केला. त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं. "नाही आई, ती आणि ही वेगळ्या आहेत, एवढंच दाखवायचंय." मग बराच वेळ तो नुसता "हो" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "ती विचारतेय, दुसरा कुठला कागद नाही का चालणार?"

चालणार नव्हता.

सासूबाई नगरपालिकेत एकट्या गेल्या. नोंदच नसेल, असं त्या धरून होत्या, कारण त्यांनी ती कधी केली नव्हती. नोंद होती. सासऱ्यांनी त्याच आठवड्यात जाऊन ती करून ठेवली होती आणि मरेपर्यंत घरात सांगितलं नव्हतं. सासूबाई कार्डावर तिला वाढवत होत्या, आणि ते सगळं पाहून सासरे गप्प राहिले होते.

दाखल्याचं भाषांतर मी केलं. मयताचे नाव : इथे मी ज्या नावाची सही शिकत होते ते नाव लिहिलं. लिंग, वय, मृत्यूचे ठिकाण. अर्ध्या तासाचं काम. मला दोन दिवस लागले.

खिडकीवर अधिकाऱ्याने दाखला आणि विवाहाचा कागद जुळवून पाहिला. "मधलं नाव वेगळं आहे."

"मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं. बायकोच्या नावापुढे नवऱ्याचं."

"म्हणजे मधल्या नावावरून कळतं, कोणाची कोण ते?"

"हो."

त्याने ते टिपून घेतलं. मग मयताच्या नावावर बोट ठेवून उच्चार विचारला. मी मोठ्याने वाचलं. त्याने माझ्यामागून हळू म्हणून पाहिलं, बरोबर आहे का म्हणून माझ्याकडे बघितलं. बरोबर होतं.

अर्जासोबत स्वतःचा पत्ता स्वतःच लिहून द्यायचं एक पोस्टकार्ड असतं. ते नऊ दिवसांनी पेटीत पडलं, माझ्याच अक्षरात, पासपोर्टवरच्या नावाने. व्हिसा एक वर्षाने वाढला होता.

रविवारी सासूबाईंचा फोन आला. मी उचलला. त्यांनी माझं माहेरचं नाव घेतलं, अनोळखी माणसाचं घ्यावं तसं, एकेक अक्षर जपून.

"तहसिलात जाऊन आले," त्या म्हणाल्या. "कार्डातलं कमी केलं नाव. पट्टी लावून रेघ मारली हो कारकुनाने. वाकडी नाही मारली."

"आई..."

"जेवलीस का?"

त्यानंतर त्यांनी मला सासरच्या नावाने कधी हाक मारली नाही. नवऱ्याच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर मात्र 'पत्नीचे नाव' म्हणून ते छापलेलं होतं. दर सोमवारी ते हानेदातून बाहेर जाई, शुक्रवारी परत येई. त्या पानाकडे कोणत्याच काउंटरवर कोणी पाहत नसे.

पुढच्या हिवाळ्यात त्याच्या पासपोर्टची पानं शिक्क्यांनी भरली. नवीन पासपोर्टच्या अर्जावर त्या रकान्याशी येऊन त्याने पेन माझ्या हातात दिलं. मी माझं माहेरचं नाव लिहिलं. जुना पासपोर्ट कोपरा कापून परत मिळाला. हे फोनवर सांगितलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "जुन्यात ते नाव आहे ना अजून?"

"आहे."

"मग तो मला पाठवून दे. तुम्हाला काय उपयोग?"

त्याचा व्हिसा नव्या पासपोर्टवर उतरवून घेतला, आणि मग मी जुना पाठवला. पोस्टातल्या माणसाने आत काय आहे असं विचारलं. कागदपत्रं, मी म्हटलं. कोणाची, हे विचारायचा रकाना त्या फॉर्मवर नव्हता.