आधी ओरडून बघा

पाळणेआत्या कुणाच्याही घरी गेली तरी धड बूड टेकायची नाही. चहासुद्धा उभ्यानेच, खिडकीशी. सिंगापुरात सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती आली की सोफ्याच्या कडेला जेमतेम टेकायची आणि दोन मिनिटांत उठून वॉशिंग मशीन थांबलंय का, गॅस बंद आहे का, बघून यायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "आत्या, बसा हो जरा, मला चक्कर येते." तर म्हणाली, "बसलं की उशीर होतो रे."

नाव तिचं काय होतं कुणास ठाऊक. नवरा जहाजावर इंजिनिअर, सहा-सहा महिने समुद्रावर. मूलबाळ नाही. सिंगापुरातल्या आम्हा मराठी लोकांच्या पोरांना सख्ख्या आत्या असायच्या, पण त्या पुण्याला नाहीतर ठाण्याला. मग बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला हिलाच बोलावायचं, म्हणून ही सगळ्यांची पाळणेआत्या. संध्याकाळचं बारसं असलं तर ही दुपारी बाराला हजर! घरात अजून केर निघालेला नसायचा. यजमानीणबाई मनातल्या मनात चरफडायच्या, पण बोलणार कोण?

मी एकुलता एक, त्यामुळे आमच्याकडे तर आत्या नावाचं माणूसच नव्हतं. बायको केरिस, वेल्सची. वन-नॉर्थला एका प्रयोगशाळेत काम करायची. मुलगी होणार हे कळलं आणि तिने एरवी कधी धरत नाही तसा हट्ट धरला: नाव वेल्श हवं. "आडनाव तुझं," ती म्हणाली, "देश तिसराच, घरात बोलणार इंग्रजी. माझ्या घरचं तिच्याजवळ एवढं एक तरी राहू दे." यावर काय बोलणार? बोलायचं होतं ते फक्त आडनावाबद्दल. आमचं आडनाव ढमढेरे.

पाळणेआत्याला हे कळलं आणि तिच्या पायाला भिंगरीच लागली. "नाव लाडात घेऊन बघू नका," ती म्हणाली. "लाडात कुठलंही नाव गोड लागतं. आधी ओरडून बघा. आडनावासकट." मला सातव्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये उभं करून ती स्वतः खाली व्हॉइड डेकसमोर, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यापुढे जायची, आणि कमरेवर हात ठेवून वर तोंड करून, "नीया ढमढेरेऽऽ!" मग मोबाइलवर निकाल. "नाही रे. नाव वाऱ्यावर गेलं, आडनाव तेवढं दाणकन खाली पडलं." दुसऱ्या दिवशी अंगहॅरड. "दोघं मारामारी करतायत." एरा हे नाव केरिसला फार आवडलं होतं, अर्थ बर्फ. "या उकाड्यात?" म्हणून ते आत्याने ओरडून बघायच्या आधीच निकालात काढलं. तिथे रोज बसणाऱ्या चिनी काकांनी शेवटी न राहवून विचारलं, "आंटी, यू लुकिंग फॉर हू, आह?" आत्या म्हणाली, "नो लुकिंग, अंकल. ओन्ली टेस्टिंग."

मला हसू यायचं आणि रागही यायचा. पोर जन्माला आली, दहा दिवसांची झाली, नोंदणीची मुदत संपत आली, तरी नाव ठरेना. ग्वेन की लाउरी, इथे गाडी अडली. लाउरी हे केरिसच्या आजीचं नाव. तेच ठेवावंसं तिला वाटत होतं, पण ढमढेरेंच्या शेजारी आजीचं नाव हास्यास्पद होईल अशी धास्ती होती. रात्रंदिवस पोर रडत होती, आम्ही दोघं आळीपाळीने येरझारा घालत होतो, आणि आत्या आली की तिसरी येरझार सुरू.

त्याच सुमारास एका दुपारी ती केरिसला सांगत होती, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मी आत लंगोटांच्या घड्या करत होतो, सगळं ऐकलं. तिच्या सख्ख्या भावाला लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगा झाला. बारशाला ही निघणार, तेवढ्यात नवऱ्याचं जहाज इथे बंदरात लागणार असं कळलं. चार महिन्यांनी नवरा दिसणार, म्हणून एक दिवस थांबली. साताऱ्याला पोचली तेव्हा पाळणा सोडून ठेवला होता. भाऊ दिवेलागणीपर्यंत थांबला होता म्हणे, मग शेजारणीने नाव ठेवलं. दारातच त्याने सांगितलं, "ज्यांना यायचं असतं ती माणसं येतात." त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून तो हिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. माझ्या हातातली घडी तशीच राहिली. इतके दिवस मी या बाईच्या बारा वाजता येण्यावर विनोद करत होतो, त्याची मला लाज वाटली.

बाराव्या दिवशी संध्याकाळी बारसं. पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर सहाची वेळ दिलेली. सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात आत्या, हातात बॅग, केस कसेबसे बांधलेले.

"वहिनीचा फोन आला. दादाचं काही खरं नाही. साडेदहाचं विमान आहे."

"मग इथे काय करताय? निघा ना एअरपोर्टला!"

"नाव ठेवते आणि जाते."

"आत्या, नाव कुणीही ठेवेल!" मी जवळजवळ ओरडलोच.

"तेच झालं होतं तेव्हा," ती म्हणाली. "इथलं चुकवून तिकडे गेले तर काय तोंड दाखवू त्याला? बोलव केरिसला."

केरिस आली ती गाउनवर, डोळे सुजलेले. पोरीने टाहो फोडलेला. "ग्वेन ऑर लाउरी?" आत्याने विचारलं. केरिसने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. "डोंट लुक हिम. शाउट!" आत्या म्हणाली.

माझी बायको लिफ्टचं दार लागलं तरी त्याला सॉरी म्हणणारी. तिने एकदा श्वास घेतला, आणि बारा दिवसांचं जागरण, माहेर, आजी, सगळं एकदम बाहेर आलं. "लाउरी ढमढेरे!"

पोर दचकून गप्प झाली. डोळे मोठे करून आईकडे बघत राहिली. समोरच्या फ्लॅटचं दार उघडून कुणीतरी डोकावलं.

"बसलं," आत्या म्हणाली. "पक्कं बसलं." तिने पोरीच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं, नाव सांगितलं, चिमूटभर साखर माझ्या आणि केरिसच्या तोंडात घातली. आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत मी केरिसला शिकवून ठेवली होती, पण तिने धपाट्याऐवजी मिठीच मारली. सात वाजायच्या आत आत्या टॅक्सीत होती. संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा मी सांगितलं, बारसं सकाळीच उरकलं. कुणाला पटेना.

ती सिंगापूरला परत आलीच नाही. नवरा निवृत्त झाला, दोघं साताऱ्यालाच राहिली. लाउरी आता शाळेत जाते. मी पूर्ण नावाने ओरडलो की "कमिंग लाह, बाबा!" म्हणते आणि येत मात्र नाही. तेव्हा मला हमखास तो फोन आठवतो, बारशानंतर तिसऱ्या दिवशी आलेला. लाइन खरखरत होती. आत्या हसत होती की रडत होती, कळेना.

"पोचले रे वेळेत. दादाने डोळे उघडले. बघितलं माझ्याकडे, आणि केवढ्यांदा ओरडला! 'सुमन यशवंत वाघचौरे, आत्ता उगवलीस होय?' अख्ख्या वॉर्डाने ऐकलं."

तिचं नाव मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"बावीस वर्षांनी रे, संदीप," ती म्हणाली. "आडनावासकट. मग मी त्याच्या उशाशी खुर्ची ओढली आणि बसले."