टायवाला राखणदार

आमच्या गावच्या राखणदाराला टाय आहे, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. एवढी वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण नारळ ठेवताना देवाच्या गळ्याकडे बघतो कोण?

गाव गोव्यातलं, नार्व्याच्या अलीकडचं, नदीकाठी. खाऱ्या पाण्यापासून शेतं वाचवायला मातीचा बांध आणि बांधात पाणी आत-बाहेर सोडायचं दार. त्या दाराला आम्ही मानस म्हणतो. मानशीपाशी वडाखाली राखणदाराचं दगडी डोकं. माझ्या लहानपणी एकदा बांध फुटला, तेव्हा तो बुजवताना हे डोकं चिखलातून वर आलं. त्यानंतर बांध फुटला नाही. मग काय, तेल लागलं, शेंदूर चढला, रोटाचा नैवेद्य आणि विडी सुरू झाली. राखणदार खांद्यावर काठी टाकून रात्रभर बांधावरून फिरतो, अशी आमच्याकडची श्रद्धा. मीही तिथे पोरंबाळं घेऊन गेले आहे.

गेल्या वर्षी गावाने त्याला संगमरवरी घुमटी बांधायचं ठरवलं. त्याआधी आम्ही बायका डोकं धुवायला बसलो. गरम पाणी, रिठे आणि नारळाच्या काथ्याने घासाघास. शेंदराचं जाड कवच एकदम सुटून आलं आणि खाली दिसलं रुंद कपाळ, मागे वळवलेले केस, पातळ ओठ. मान घासली तर कोटाची कॉलर आणि नीट बांधलेली टायची गाठ.

"अगे, देव कचेरीत जाता काय गो?" शेजारीण हसली.

मला हसू आलं नाही. फोनवर जुने फोटो शोधून ताडून पाहिले आणि खात्री पटली. गोव्यावर पोर्तुगीज होते तेव्हा तिकडे पोर्तुगालात बसून आमच्यावर हुकूम चालवणारा हुकूमशहा हाच. डिचोलीतल्या कचेरीसमोर त्याचा अर्धपुतळा होता आणि मुक्तीच्या धामधुमीत तो नाहीसा झाला, हे म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं. कुठे गेला, हे कुणी विचारलं नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. कारण घुमटीचं पहिलं गाऱ्हाणं गावातल्या सगळ्यांत वयस्क माणसाने घालायचं होतं, आणि ते माझे वडील. भिंतीवर पत्रकं चिकटवली म्हणून याच माणसाच्या पोलिसांनी त्यांच्या तळहातांवर भोकांची लाकडी फळी मारली होती. उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. त्या हातांनी बाबा त्या तोंडापुढे नमस्कार करणार नाहीत, हे मी तिथेच, ओल्या पदराने ठरवून टाकलं.

संध्याकाळी घुमटी-समितीच्या अध्यक्षाकडे गेले. माझाच जुना विद्यार्थी, त्यामुळे तासच घेतला म्हणा. बगदादमध्ये हुकूमशहाचा पुतळा ओढून पाडला आणि लोकांनी त्याचं डोकं चपलांनी बडवलं. बुडापेस्टला असाच पुतळा पाडला, तेव्हा चौथऱ्यावर नुसते बूट उरले. अहो, खुद्द याच्या जन्मगावात लोकांनी याच्या पुतळ्याचं आधी डोकं कापलं, मग उरलेला सुरुंगाने उडवला. "आणि आपण? आपण त्याला विडी देतो!"

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "पूण टीचर, तो पावता मगो. बांध फुटलो काय एकदा तरी?"

कपाळावर हात मारून घरी आले.

सकाळी बाबा चहात उंडा बुडवून खात होते. पोदेराच्या भट्टीतला हा कडक पाव चहात मऊ झाल्याशिवाय त्यांना चावत नाही. मी समोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी सावकाश चहा संपवला.

"टाय आसा?"

"आसा, बाबा. मी समितीला कळवते, तुम्ही येणार नाही म्हणून."

"हांव येतलों."

"त्याच्यासमोर हात जोडायला?"

"येतलों म्हटलां मगो, बाय." आणि ताटली घेऊन मोरीकडे गेले.

मला भयंकर राग आला. म्हातारपणी गावाची भीड पडली, असंच वाटलं. पण मीही त्यांचीच मुलगी. घुमटीच्या दिवशी पिशवीत नारळाशेजारी हातोडा ठेवला. त्यांचे हात जुळताना दिसले की पहिला घाव मी घालणार होते, मग गाव मला वाळीत टाको.

सगळा गाव बांधावर जमला होता. बाबा काठी टेकत पुढे गेले. माझा हात पिशवीतच होता. गाऱ्हाणं म्हणजे देवाची विनवणी, हात जोडून, मान लववून घालायची. बाबांनी काठीसकट दोन्ही हात पाठीमागे नेले आणि त्या डोक्याकडे सरळ बघत, शेतावरच्या गड्याला सांगावं तसा आवाज लावला.

"आयक रे. तुजें नांव आनी हुद्दो हांगा कोण विचारिना. हो बांध राखप हें तुजें काम."

"व्हय म्हाराजा!" गावाने साथ दिली.

"रातभर बांधार भोंवचें. बसचें ना. कोणाच्या पोराच्या आंगाक हात लावचो ना."

"व्हय म्हाराजा!"

"बांध फुटलो जाल्यार जाब म्हाका दिवचो."

"व्हय म्हाराजा!"

अध्यक्षाने लगबगीने विडी पुढे केली. बाबांनी ती घेतली आणि आपल्या खिशात घातली.

"फाल्यां सकाळीं दितलों," ते म्हणाले. "रातचें काम बगून."