टेबलावरचं उड्डाण

रॉकेटचा मेंदू म्हणजे आमच्या अंबडच्या शेडमध्ये टेबलावर ठेवलेला एक डबा. जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. घरी पंचवटीत आई विचारायची, "एवढ्याशा डब्याला एवढे दिवस?" मी चिडायचे. पण तो डबा आम्ही टेबलावरच उडवायचो, हे तिला कसं सांगू! कंप्युटरवरून खोटा वारा, खोटा वेग, खोटा कल त्याच्या तारांमधून आत सोडायचा, की त्याला वाटायचं, आपण खरंच समुद्रावरून वर चाललोय. कितीदाही बघा, मी आपली तोंडात बोट घालून उभी.

मागच्या चाचणीत मात्र त्यानं माझं नाक कापलं. रॉकेट किती कललंय हे सांगणाऱ्या तीन सेन्सरपैकी एक मुद्दाम बिघडवला, तर यानं नेमका त्याच वेड्यावर विश्वास ठेवला. पडद्यावरचं रॉकेट कोलांटी खाऊन समुद्रात! आतला प्रोग्राम माझा होता. तो मी नव्यानं लिहिला. आताही चुकलं असतं तर येणाऱ्या खऱ्या उड्डाणातून आमचा डबा बाद, आधीच्या रॉकेटांतला जुनाच जाणार होता.

तपासणीला आलेले साहेब मोठे खडूस. एक सेन्सर बिघडवला, डब्यानं त्याला बाजूला टाकलं. मी सुस्कारा सोडतेय तोच म्हणाले, "आता दुसरा. आणि तुम्हीच बिघडवा, मॅडम."

"अहो, मग उरलेले दोघं दोन गोष्टी सांगणार. खरं कोण, हे त्यानं ओळखायचं कसं?"

"तेच बघायचंय."

त्याची सोय मी केली होती, पण ती चालेल याची मलाच खात्री नव्हती. बटण दाबलं. दुसरा सेन्सर ओरडायला लागला, रॉकेट आडवं झालंय!

पडद्यावरची रॉकेटच्या वाटेची रेघ हललीसुद्धा नाही. एवढं जड रॉकेट पापणी लवते तेवढ्यात आडवं होऊच शकत नाही, हे त्यानं ताडलं होतं. मी त्याच्या कानात खोटं ओरडत होते आणि तो माझं ऐकत नव्हता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"शाब्बास रे माझ्या राजा!" मी सगळ्यांदेखत ओरडले.

साहेब पहिल्यांदाच हसले. "ऐकावं जनाचं, करावं मनाचं. हाच डबा जाईल."

जाईल! इतके दिवस याच एका शब्दासाठी जीव टांगणीला लागला होता, आणि तो ऐकला तेव्हा मला रडूच आलं. वर कुणी त्याला खोटं सांगितलं, तर ते ओळखायला तो एकटाच असणार होता.